सुरुंग काही करत नाही

व्हिडिओ गेममधल्या, अंतराळात तरंगणाऱ्या सुरुंगाबद्दल पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. तो तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता. बाकीचे शत्रू निदान धावून येतात, गोळे फेकतात, डोळे वटारतात. हा आपला लटकलेला, नागपूरच्या बर्डी बाजाराच्या गर्दीत भर रस्त्यात रवंथ करत बसलेल्या गाईसारखा. शंभर गाड्या तिला वळसा घालून जातात आणि एखादा बरोब्बर तिच्यावरच जातो. त्याला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल, ‘गाय मधात आली ना भाऊ!’

उदाहरणाला सुपर मारिओ गॅलक्सी घेऊ. हा खेळ 2007 साली निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर आला, 2010 मध्ये दुसरा भाग, आणि 2020 मध्ये पहिला भाग त्याच कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्रावर. छोटे छोटे ग्रह, प्रत्येकाची ओढ आपापल्या पोटाकडे. काही ग्रह तर इतके चिमुकले की खेळाचा नायक मारिओ चार उड्यांत प्रदक्षिणा पुरी करतो. वरच्या कोपऱ्यात जिवाचं वर्तुळ असतं आणि त्याला संत्र्यासारख्या फोडी असतात, पण मोजून तीन. नागपूरच्या माणसाला तीन फोडींचं संत्रं म्हणजे फसवणूकच वाटते, पण इलाज नाही. खास अळंबी खाल्ली तर सहा होतात. मार खात खात पुन्हा तीनवर आलात की वाढीव तीन कायमच्या गेल्या.

सुरुंगाला लागलं की एक फोड जाते, आणि नवखा माणूस हिशोब करतो की तीन फोडी म्हणजे तीन सुरुंग परवडतात. इथेच तो बुडतो. फोड जाण्याचं दुःख किरकोळ आहे. खरा घात धक्क्याचा. शिवलात की मारिओ उलट दिशेला उडतो, आणि ज्या फळीवर तुम्ही उभे असता ती अनेकदा आमच्याकडच्या दिवाणाएवढीच असते. फळीखाली काळं विवर. तिथे फोडी सहा असोत की एक, अख्खं संत्रं जातं. म्हणून सुरुंगाजवळ जाताना सुरुंग बघण्याआधी पाठीमागे काय आहे ते बघायचं. पाठीशी भिंत असेल तर धक्का खाऊनही तुम्ही जागेवरच राहता. पाठीशी पोकळी असेल तर एक पाऊल सरका, धक्का फळीच्या लांबीच्या दिशेने बसेल असे उभे राहा आणि मगच हालचाल करा.

आता जरा अवांतर. या बहुतेक खेळांतल्या सुरुंगांचा तोंडवळा समुद्री सुरुंगाचा असतो, तोही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. लोखंडी गोळा, त्याला चहूबाजूंनी शिंगं. खऱ्या समुद्री सुरुंगात त्या शिंगांना काम होतं. शिशाचं मऊ शिंग, आत काचेची कुपी, कुपीत आम्ल. जहाज घासलं की शिंग वाकतं, कुपी फुटते, आम्ल खालच्या बॅटरीत उतरतं, वीज तयार होते आणि स्फोट. गोळा पाण्यावर तरंगू नये, नेमक्या खोलीवर राहावा म्हणून त्याला तळाशी साखळी आणि नांगर. अंतराळात पाणी नाही, तळ नाही, साखळी नाही, तरी साहेब वर-खाली डुलत असतात! कोणत्या लाटेवर, ते विचारू नका. शिवाय निर्वात जागेत स्फोटाचा आवाज यायचा नाही आणि हवेचा तडाखाही बसायचा नाही, लागतील त्या फक्त किरच्या. खेळात मात्र असा दणका होतो की शेजारच्या खोलीतून आई विचारते, ‘काय फुटलं?’

असो. मुख्य अडचण अंतराची. मैदानावर उडी मारताना आपण सगळे सावलीच्या भरवशावर असतो, पण ते आपल्या लक्षात येत नाही. अशा खेळांत मारिओची सावली कायम बरोब्बर पायाखाली पडते, सूर्य कुठेही असो. ती सावली म्हणजे उतरण्याच्या जागेवर मारलेली फुली. पण पोकळीवर लटकलेल्या सुरुंगाची सावली पडणार कशावर? तो जवळ आहे की दूर, हे सांगणारं खाली काहीच नसतं. जवळचा लहान सुरुंग आणि लांबचा मोठा सुरुंग पडद्यावर सारखेच दिसतात. मग काय करायचं? उभ्या जागी डावीकडे-उजवीकडे दोन पावलं टाका. कॅमेरा सोबत सरकतो, आणि जो सुरुंग पडद्यावर जास्त सरकेल तो जवळचा. रेल्वेच्या खिडकीतून विजेचे खांब पळतात आणि डोंगर मठ्ठ उभा राहतो, तोच प्रकार. दुसरी खूण म्हणजे कोण कोणाला झाकतं ते बघणं. मधे नाण्यांची रांग असेल तर काम आणखी सोपं, कोणतं नाणं सुरुंगाच्या पुढे दिसतं आणि कोणतं मागे दडतं ते बघा. नाणी आमिष म्हणूनच टाकलेली असतात हे खरं, पण आमिषाचा फुटपट्टीसारखा उपयोग करायला कोणी मनाई केलेली नाही.

हलणारा सुरुंग असेल तर नियम एकच, म्हशीच्या मागून जायचं, पुढून नाही. एकदा पूर्ण फेरी होऊ द्या, मनात आकडे मोजा. समजा चार आकड्यांत तो जाऊन परत येतो. मग तो तुमच्या रस्त्यावरून पलीकडे गेल्या क्षणी निघा, त्याच्या पाठीला पाठ लावून. पुढून निसटायला जाल तर तुमचा वेग आणि त्याचा वेग एकमेकांच्या अंगावर येतात. आणि मोजताना नजर सुरुंगावर असली तरी निघताना ती मोकळ्या जागेवर हवी. जिथे बघाल तिथे अंगठा जातो. सायकल शिकणारं पोरगं अख्खं मैदान सोडून एकुलत्या एका खांबावर जातं, ते याच कारणाने.

लांब उडी सुरुंगांमधे वापरू नये, हे मी फार आग्रहाने सांगेन. पळता पळता वाकून मारलेली ती उडी दिसते झोकात, पण एकदा हवेत गेलात की वळायला फारसा वाव नाही. साधी उडी मारा आणि वरच्या टोकाला रिमोट झटकून गिरकी घ्या. गिरकीने मारिओ क्षणभर वर उचलला जातो, तेवढ्यात उतरायची जागा बदलता येते. एका उडीत गिरकी एकदाच मिळते. सुरुंग दिसताच घाबरून आधीच झटकून टाकणारे पुष्कळ; मग खाली जाताना रिमोट कितीही हलवा, तो नुसता व्यायाम.

आणि मार खाल्ल्यावर मारिओ लुकलुकतो, तेवढा वेळ त्याला दुसरा मार लागत नाही. लोक हा वेळ हळहळण्यात घालवतात. त्याच वेळात पुढचा सुरुंग पार करायचा असतो. चालान फाडलंच आहे, तर निदान सिग्नल तरी ओलांडून घ्या. एकाच फोडीवर खेळायच्या धूमकेतूच्या फेरीत मात्र ही सवलत नाही; तिथे पहिलं चालान शेवटचं.

हे सगळं ज्ञान मे महिन्यात नागपुरात पाजळायचं म्हणजे वेगळाच छळ. बाहेर 45 अंश. खिडकीत कूलर, त्याचा आवाज असा की सुरुंगाजवळचा खुणेचा बारीक आवाज वगैरे विसराच. कूलर पश्चिमेच्या खिडकीत असेल, तर चार वाजता त्याच्या फटीतून ऊन थेट टीव्हीपर्यंत पोचतं. वीच्या रिमोटच्या नाकात इन्फ्रारेड कॅमेरा असतो. टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीच्या दोन टोकांचे न दिसणारे दिवे बघून तो नेम ठरवतो. पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या ठेवूनही काम भागतं, इतका तो साधाभोळा आहे. मग विदर्भाचं ऊन दिसल्यावर त्याचं काय होत असेल! पडद्यावरचा बाण टणाटण उडतो. खेचणाऱ्या ताऱ्यांवर बाण धरून एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचं असतं, तिथे बाण हुकला की मारिओ अधांतरी वाहत जातो. चादर लावा, जाड. पातळ पडद्यातून इन्फ्रारेड येतंच.

दुसरा छुपा शत्रू टीव्ही स्वतः. खेळ सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र जेमतेम 17 मिलिसेकंदांचं. टीव्ही रंग खुलवण्यात 100 मिलिसेकंद घालवत असेल, तर तुम्ही सहा चित्रांपूर्वीचा शिळा सुरुंग बघताय. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावा. रंग जरा फिके पडतील, पडू द्या. आणि लाइन जायच्या आत फेरीच्या शेवटचा बक्षिसाचा तारा मिळवा, कारण खेळ जतन होतो तो तारा मिळाल्यावर. साठवलेले जीव तर जतन होतच नाहीत. पुन्हा सुरू केलं की मोजकेच हातात. इन्व्हर्टर असला तरी तो लागताना एक झटका देतो, आणि तेवढा झटका यंत्राला पुरतो.

पण एवढं सगळं साधलं तरी एक सुरुंग उरतो, तो गादीवर तुमच्या शेजारी बसलेला असतो. या खेळात दुसरा रिमोट घेऊन लहान भावंडाला मदतनीस होता येतं. तो बाण फिरवून तारकण गोळा करतो, काही शत्रूंना रोखून धरतो. आणि मारिओवर बाण ठेवून बटण दाबलं तर तुमच्या परवानगीविना मारिओला उडी मारायला लावतो. तुम्ही श्वास रोखून तिसरा आकडा मोजताय, वर सुरुंग डुलतोय, आणि शेजारून येतं, ‘दादा, काहून थांबून राह्यला बे? मी मारून देतो ना उडी!’

रिमोटमधले दोन सेल काढून ठेवणं हा उपाय तकलादू आहे, पडद्यावर आपला बाण दिसत नाही हे पोरांना अर्ध्या मिनिटात कळतं. त्यापेक्षा त्याला हिशोबाला बसवा. 50 तारकण जमले की एक जीव वाढतो. ‘पन्नास झाले की सांग, तोवर मारिओकडे बघायचं नाही.’ सत्तेचाळीसपर्यंत हे बरं चालतं.