नव्वदच्या डोक्यावरचं टिंब

मसालेभात वाढून झाला होता आणि माझा डावा हात रिकामा होता. चूक एवढीच. शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ घातलेलं मनगट धरलं, कुर्त्याच्या खिशातून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वरपक्षापर्यंत पोचेल अशा आवाजात जाहीर केलं, "बेझल बदललंय!"

आठवडा झाला, ते "बदललंय" अजून कानातून जात नाही. जणू मीच कुणाचं तरी मंगळसूत्र बदलून आणलं होतं.

घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर, मॉडेल १४५.०२२, सन १९६९. "कशावरून?" मी विचारलं. ते म्हणाले, "टिंब."

आता हे टिंब समजून घ्या, कारण ते मलाही समजून घ्यावं लागलंय. काचेभोवतीच्या काळ्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर, म्हणजे बेझलवर, वेगाचे आकडे असतात. किलोमीटरच्या दगडापाशी वरचं बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायचं. काटा जिथे थांबेल तो ताशी वेग. हिशेब सरळ आहे, ३६०० भागिले लागलेले सेकंद. ४० सेकंद लागले तर ९०, म्हणून नव्वदचा आकडा आठ वाजण्याच्या जागी येतो. पट्टी ६० ला संपते. त्याहून हळू जाणाऱ्याची दखल हे घड्याळ घेत नाही, म्हणजे संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर असलेल्या कोणाचीच घेत नाही. तर त्या ९० चं टिंब १९७० च्या सुमारापर्यंत आकड्याच्या डोक्यावर असायचं, नंतर ते बाजूला सरकलं. माझं बाजूला आहे. डोक्यावरच्या टिंबाची जुनी चकती बाजूच्या टिंबाच्या चकतीपेक्षा कैक पटींनी महाग असते. फरक मोहरीएवढासुद्धा नाही.

"डोक्यावरचं टिंब गेलं की सगळं गेलं," गृहस्थ हळहळले.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक निवृत्त बाई बसल्या होत्या. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या. त्यांनी अळूच्या भाजीतून मान वर केली. "ते बासष्टलाच गेलं."

"नाही हो बाई, सत्तरला."

"बासष्ट! साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम. उच्चार नसलेले अनुस्वार काढले."

"पण अडुसष्टच्या घड्याळांवर आहे ना. मी स्वतः पाहिलंय."

"जुन्या वळणाचे लोक पुढेही देत राहिले. माझे वडील शेवटपर्यंत देत."

"कोण तुमचे वडील? बीलला होते?"

"बीड. बीडला होते."

ओमेगाचं स्वित्झर्लंडमधलं बील आणि मराठवाड्यातलं बीड यांच्यामध्ये माझं मनगट अडकलेलं, आणि समोर वाढपी जिलबी घेऊन उभा. "कोणाला वाढू?" त्याने विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही.

मग गृहस्थांनी रेडियम तपासायला घेतलं. रेडियम आपलं म्हणायचं. डायलवर खाली "टी स्विस मेड टी" असतं, त्यातला टी ट्रिटियमचा. दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं, शिवाय त्याच्या बरोबरची चमकणारी पूडही थकते. म्हणून एवढ्या जुन्या घड्याळाचे काटे अंधारात टक्क चमकले तर संशय घ्यायचा. मोबाइलचा उजेड दाखवायचा, मग अंधार करून बघायचं. अंधार करण्यासाठी त्यांनी माझ्या मनगटावर आपलं उपरणं टाकलं आणि आत डोकं घातलं. काटे चमकले नाहीत. "उत्तम!" उपरण्यातून आवाज आला. घड्याळ मेलेलं निघाल्याचं एवढं कौतुक मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मला राग येतो तो इथे. घड्याळ नियमाने सर्व्हिसिंगला द्या, म्हणजे तेल वाळून चाकांच्या टोकांची झीज होणार नाही. पण कारखान्याचे कारागीर जुने काटे आणि डायल काढून नवे चमकणारे बसवतात, पट्टा अडकवायच्या कानांना पॉलिश मारतात आणि त्यांच्या धारदार कडा साबणासारख्या गोल होतात. घड्याळ चालायला लागतं आणि त्याची किंमत खाली बसते. ज्याने पन्नास वर्षं कपाटात टाकून हेळसांड केली, त्याला "अस्सल" म्हणून नमस्कार. मशीनचंही तेच. माझं ८६१ नंबरचं, तासाला २१,६०० ठोके. पण बटणाने काटा सुरू-बंद करायला त्यात कॉलम व्हील नाही, साधा कॅम आहे, म्हणून ओठ मुडपायचे. आधीचं मूळ ३२१ हवं, १८,००० ठोक्यांचं, १९६८ मध्ये बंद झालेलं. बंद झालं हाच त्याचा मोठा गुण.

आणि पारखी तरी कोण? २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकना गेलं. घेणारी खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. दोन वर्षांनी निघालं की ते इकडचे-तिकडचे भाग जोडून केलेलं होतं. बनवणाराच फसला, तिथे मी कोण! त्याच २०२१ मध्ये कंपनीने नव्या घड्याळावर टिंब पुन्हा डोक्यावर नेलं. दुकानात आज कोणालाही मिळतं, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

हे सगळं मला पंगतीत सुचायला हवं होतं. तिथे मी फक्त "असेल" म्हणालो आणि मठ्ठा प्यालो.

उठताना गृहस्थांनी मला आपलं कार्ड दिलं. नावाखाली छापलं होतं, "दुर्मिळ घड्याळाचे संग्राहक". बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि "ळा"च्या डोक्यावर ठसठशीत टिंब दिलं.

"एकच घड्याळ आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.