फ्रेसिनेने फ्लिंडर्सचा नकाशा चोरला?

जुन्या फ्रेंच सागरी नकाशांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास फिरते. इंग्रज कप्तान मॅथ्यू फ्लिंडर्सला फ्रेंचांनी मॉरिशसमध्ये डांबलं, त्याचे कागद उतरवून घेतले आणि 1811 मध्ये लुई द फ्रेसिने या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या नावावर ऑस्ट्रेलियाचा पहिला पूर्ण नकाशा छापून टाकला. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखाच जुळत नाहीत.

फ्रेसिने ज्या फ्रेंच मोहिमेत ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजायला गेला होता, तिचा प्रमुख निकोला बोदँ सप्टेंबर 1803 मध्ये मॉरिशसलाच वारला. त्याचं ‘जिओग्राफ’ जहाज 16 डिसेंबरला तिथून मायदेशी निघालं आणि फ्लिंडर्स पोर्ट लुईला पोचला 17 तारखेला. बरं, कागद मागाहून पॅरिसला गेले असतील? मॉरिशसचा फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने फ्लिंडर्सची पेटी सीलबंद केली हे खरं. पण त्यातले बहुतेक नकाशे फ्लिंडर्सला लवकरच परत मिळाले आणि कैदेत बसूनच त्याने आपला नकाशा लंडनला धाडला. एक रोजनिशी मात्र दकाँने दिली नाही. संशयाला जागा उरते ती एवढीच.

‘दोन्ही नकाशांत दक्षिण किनारा सारखाच!’ अहो, किनारा एकच आहे. जानेवारी 1803 मध्ये फ्रेसिनेने स्वतः सुरूच्या लाकडाच्या ‘कॅझुआरिना’ या चिमुकल्या गलबतातून तिथली दोन्ही आखातं मोजली. कांगारू बेटाचा दक्षिण किनारा बोदँने मोजला, फ्लिंडर्सने नव्हे. आणि आता नजर वर, कार्पेंटरियाच्या आखाताकडे न्या. फ्लिंडर्सने तिथे महिनोन्महिने घालवले होते; बोदँ आखातात शिरलाच नाही. फ्रेसिनेच्या नकाशात हा भाग जुन्या डच नकाशांवरून घेतलेला आहे. घरफोडी करायची आणि दागिन्यांचा डबा तिथेच ठेवून यायचं, असला कसला चोर?

मग साडेसहा वर्षं डांबलं कशाला? इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं होतं. फ्रेंचांनी दिलेला परवाना फ्लिंडर्सच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाचा आणि स्वारी आली ‘कंबरलँड’ या दुसऱ्याच जहाजातून, तीही सिडनीच्या गव्हर्नरचे खलिते घेऊन. वर दकाँचं जेवणाचं आमंत्रण फ्लिंडर्सने धुडकावलं. 1806 मध्ये पॅरिसहून सुटकेचा हुकूम निघाला, तरी दकाँने 1810 पर्यंत सोडलं नाही. तो निव्वळ आडमुठेपणा.

अन्याय झाला तो नावांच्या बाबतीत, आणि तो मान्य करायलाच हवा. एप्रिल 1802 मध्ये समुद्रात गाठ पडली तेव्हा आपण काय शोधलं ते फ्लिंडर्सने बोदँला सांगितलं होतं. पुढे सिडनीत फ्रेसिनेच फ्लिंडर्सला म्हणाला, ‘कॅप्टन, आम्हाला टास्मानियात शिंपले वेचत नि फुलपाखरं पकडत अडकवून ठेवलं नसतं, तर दक्षिण किनारा तुम्हाला आमच्याआधी सापडला नसता.’ एवढं होऊनही 1807 मध्ये फ्रेंच मोहिमेतल्या पेराँ या निसर्गशास्त्रज्ञाने लिहिलेल्या वृत्तांतात तो किनारा ‘नेपोलियनची भूमी’ झाला आणि स्पेन्सरचं आखात बोनापार्टचं. पेराँने हे वरच्या दबावाखाली लिहिलं आणि त्याचं मन त्याला खात असणार, असं खुद्द फ्लिंडर्सने 1814 च्या आपल्या पुस्तकात म्हटलंय. फ्रेसिनेने त्या वृत्तांताच्या 1824 च्या दुसऱ्या आवृत्तीत फ्लिंडर्सची नावं परत घातली. तोवर फ्लिंडर्सला जाऊन दहा वर्षं झाली होती.