बिनडोक यंत्राची डोकेदुखी

जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करायचं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. घरात कुणाची मागणी नव्हती. फायली सांभाळायच्या आणि रात्री बॅकअप घ्यायचा, एवढंच काम. त्याला ग्राफिक्स कार्ड कशाला? फुकट वीज खातं आणि पंखा घरघरवतं. मॉनिटर-कीबोर्ड नसलेल्या अशा सर्व्हरला ‘हेडलेस’ म्हणतात. शुद्ध मराठीत, बिनडोक.

कार्ड उपटलं, बटण दाबलं. आतून शिट्या आल्या: एक लांब, दोन आखूड. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. जुन्या अवॉर्ड बायोसच्या भाषेत याचा अर्थ, चित्र दाखवायची सोय सापडत नाही. अरे बाबा, ती मीच काढलीय! पण हे त्याला सांगायचं तर बायोसमध्ये शिरायला हवं, आणि बायोस दिसायला कार्ड हवं. परत कार्ड लावलं, ‘हॉल्ट ऑन’पुढे ‘नो एरर्स’ निवडलं, म्हणजे कुठल्याच चुकीवर अडून बसायचं नाही. त्यात कीबोर्डचीही सोय झाली. नाहीतर हे यंत्र ‘कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ म्हणतं. कीबोर्डच नाही तर एफ१ काय कपाळावर दाबू?

पुन्हा कार्ड काढलं. आता डिस्क कुरकुरायला लागली, म्हणजे लिनक्स, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, उठला असणार. लॅपटॉपवरून एसएसएच केलं, म्हणजे नेटवर्कवरून त्याच्यात शिरायला बघितलं. शुकशुकाट. राउटरच्या यादीतही नाव नाही. कार्ड लावून बघितलं तर सगळं सुरळीत! काढलं की मौन. डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दाढ दुखायची थांबते, त्यातला प्रकार. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा कार्ड बसवताना कॅबिनेटच्या पत्र्यानं अंगठा कापला, तेव्हा कुठे डोकं चाललं: मागच्या वेळी हा आंधळा असताना काय करत होता, याची नोंद डिस्कवर असेलच की.

‘जर्नलसीटीएल’ला, म्हणजे नोंदी दाखवणाऱ्या कमांडला, उणे एक दिला आणि मागच्या बूटची नोंद उघडली. लिनक्स नेटवर्क कार्डाला नाव देतो ते पीसीआयच्या, म्हणजे कार्डं जोडायच्या मार्गाच्या, क्रमांकावरून. ग्राफिक्स कार्ड होतं तोवर नाव होतं ‘ईएनपी३एस०’. ते निघालं, मागचे एकेक घर पुढे सरकले, आणि याचं झालं ‘ईएनपी२एस०’. माझी सेटिंग मात्र जुन्याच नावानं पुकारा करत होती. त्या नावाचं तिथं कुणी राहातच नव्हतं! नावाऐवजी मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून, ओळखायला सांगितलं. दोन ओळींचं काम, त्यासाठी अख्खा रविवार.

आता तो कपाटामागे गुपचूप चालतो. बायकोनं विचारलं, “दिवा नाही, पडदा नाही. चालू आहे हे कळतं कसं?”

“पिंग करतो. म्हणजे हाक मारायची. लगेच उत्तर येतं.”

ती अंगठ्याच्या पट्टीकडे बघत म्हणाली, “बरंय. घरात एक तरी जण हाकेला ओ देतोय.”