खालच्या मजल्यावरचे भाडेकरू

चाळीत तळमजल्यावर राहण्याचे तोटे सांगत बसलो तर लेख त्यातच संपेल. पाऊस जोराचा झाला की गटार आधी आमच्याकडे येतं. वरच्यांच्या साड्या आमच्या दारात ठिबकतात. उंदीर, पत्ता विचारणारे आणि वर्गणीवाले हे तिघेही पहिल्यांदा आमच्याच उंबऱ्याशी थांबतात. फायदा एकच, आणि तो आमच्या घराण्याने तीन पिढ्या मिरवला : आमच्या खाली कोणी राहत नाही.

ज्यांनी चाळीत दिवस काढलेत त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. वेलदोडे कुटा, मध्यरात्री पलंग सरकवा, पोरांना दोरीच्या उड्या मारू द्या. खालून काठीचे ठोसे येणार नाहीत. वरच्यांना ठोसे मारायचा हक्क मात्र आमच्याकडे अबाधित.

२०१७ साली आमच्या खाली भाडेकरू आले.

म्हणजे लगेच राहायला आले नाहीत. आधी जागा बघून गेले. कुलाबा ते सीप्झ अशी साडेतेहेतीस किलोमीटरची मेट्रो होणार, तिची २७ स्थानकं, त्यांतली २६ जमिनीखाली आणि त्यांतलं एक आमच्या गिरगावात, हे पेपरात वाचून ठाऊक होतं. पण पेपरात आलेली गोष्ट आपल्या वाडीत येते असा गिरगावकराचा अनुभव नाही. गिरगावात जमिनीवर जागा शिल्लक नाही हे आम्हाला पिढीजात माहीत. जमिनीखाली आहे हे कळल्यावर निम्म्या चाळीचा पहिला प्रश्न होता, ‘‘मग इतकी वर्षं आम्ही पोटमाळ्यावर का झोपलो?’’

आणि हे सगळं जगन्नाथ शंकरशेट रस्त्याखाली. आपल्याकडे आगगाडी यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, ते हेच नाना शंकरशेट. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते अंतर ३४ किलोमीटरांचं. आताची लाइन साडेतेहेतीस. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत मुंबई अर्धा किलोमीटर मागे आली आणि वीसेक मीटर खाली गेली. नानांच्या नावाचं मेट्रो स्थानक आहे, पण ते मुंबई सेंट्रलला. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरच्या स्थानकाचं नाव गिरगाव. पाहुण्याला पत्ता सांगताना दोघेही हरवावेत ही आमच्या शहराची जुनी हौस आहे.

तर एके दिवशी दारात हातात पॅड घेतलेला एक पोरगेला इंजिनीअर उभा. मूळचा नांदेडचा, त्यामुळे बोलण्यात अजून सभ्यपणा होता. खोदकाम सुरू होण्याआधी आसपासच्या प्रत्येक इमारतीची अवस्था नोंदवून ठेवायची, म्हणजे उद्या कोणी ‘ही भेग तुमच्यामुळे पडली’ म्हणालं तर ताडून बघता येईल, असं त्याने समजावून सांगितलं. आईला यातलं एवढंच समजलं की घरातल्या भेगा बघायला माणूस आलाय. माझं लग्न ठरवायला लोक आले तेव्हासुद्धा तिने इतक्या उत्साहाने घर दाखवलं नव्हतं.

‘‘आजी, ही भेग कधीची?’’

‘‘ही? ही डॉकच्या स्फोटाची. चव्वेचाळीस सालची. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दाखवली मला. आधी देव दाखवले, मग ही.’’

‘‘आणि ही?’’

‘‘ही आमच्या धाकट्या भाऊजींच्या मुंजीतली. आचाऱ्याला सांगत होते, भट्टी भिंतीला लागून लावू नकोस. ऐकतो कशाला!’’

‘‘ही बारीक?’’

‘‘ती आमच्या ह्यांनी घड्याळाला खिळा ठोकला तेव्हाची. घड्याळ पडलं. खिळा आहे अजून.’’

पोराने सगळ्यांचे फोटो काढले, भेगांशेजारी पट्टी धरून मापं घेतली, प्रत्येकीला नंबर दिला. भाडेपावतीवर आमचा खोली नंबर आजतागायत चुकीचा आहे. भेगांचे मात्र बरोबर लागले. चव्वेचाळीसच्या भेगेवर त्याने एक क्रॅकमीटर बसवलं आणि बाहेरच्या भिंतीवर टिल्टमीटर.

‘‘आता भिंत एक मिलिमीटर जरी कलली ना आजी, तरी आम्हाला कळेल.’’

‘‘आणि मला कळणार नाही? मी रोज तिला टेकून बसते.’’

पुढे तो रोज सकाळी यायचा. समोरच्या फुटपाथवर तिपाई उभी करायची, तिच्यावरच्या दुर्बिणीसारख्या यंत्राला डोळा लावायचा, आमच्या भिंतीवर चिकटवलेल्या आरशाच्या तुकड्यावर नेम धरायचा. आई आठ वाजता वेणीफणी करून, धुवट पातळ नेसून दारात बसू लागली. तीन महिने झाले तेव्हा तिने विचारलंच, ‘‘अरे, एकदा तरी दाखव की कसे आलेत फोटो.’’

‘‘आजी, फोटो नाही काढत. भिंत जागेवर आहे का ते मोजतो.’’

‘‘मग मी मधे येते का रे?’’

‘‘रोज येता,’’ तो म्हणाला. तीन महिने बोलला नव्हता. नांदेड!

मग पत्रे लागले. मुंबईकराला पत्रे म्हणजे काय ते सांगायला नको. दोन माणसं उंचीचे, रस्त्याचा तीनचतुर्थांश भाग गिळून बसलेले. उरलेल्या चतुर्थांशात बस, टॅक्सी, हातगाडी, शहाळंवाला आणि आम्ही. वाडीच्या तोंडाशी जायचा रस्ता आज पत्र्याच्या डावीकडून असला तर उद्या उजवीकडून. डोंबिवलीचे मामा, ज्यांचा जन्म आमच्याच खोलीत झाला, ते एकदा वीस मिनिटं पत्र्याच्या पलीकडून ‘‘अरे, मला तुमची चाळ दिसतेय’’ असं फोनवर सांगत होते. आम्हालाही ते दिसत होते. भेट मात्र संध्याकाळी झाली. गणपतीत मूर्ती आणि पत्रा यांच्यामध्ये हाताचा पंजा जेमतेम मावेल एवढी फट राहायची. तिथून कार्यकर्ते ट्रॉली अशी काढायचे की चौपाटीपर्यंतचा रस्ता त्यापुढे मैदान वाटावा.

पण पत्र्याला एक भोक होतं.

ते कोणी पाडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर होतं, यावरून काय तो अंदाज करावा. अण्णांनी उभा जन्म विम्याच्या कचेरीत काढला. तरी त्या भोकाशी उभं राहिल्यावर सहा महिन्यांत ते आमचे चीफ इंजिनीअर झाले. दुधाची पिशवी हातात घेऊन सकाळी ते भोकाला डोळा लावत, आणि मागे लागलेल्या रांगेला वृत्तान्त देत. रुंद रस्ता असेल तिथे वरून पेटीसारखं उघडून स्थानक बांधतात. आपला रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या चाळी. म्हणून इथे बाजूला विहिरीसारखा खड्डा खणायचा, तळाशी जायचं आणि तिथून रस्त्याच्या पोटात आडवं शिरायचं. हे सगळं त्यांनी आम्हाला इतकं बारकाईने सांगितलं की आईने विचारलं, ‘‘अण्णा, तुम्ही खाली जाऊन आलात का?’’

‘‘वहिनी, खाली जायला लागतं कशाला? दगड बघून समजतं. काळा बेसाल्ट आहे. भरवशाचा माणूस!’’

त्या विहिरीसाठी आणि आसपासच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती पाडायला लागल्या. तिथल्या माणसांनी बोचकी बांधली, नव्या घराच्या वायद्याचे कागद घेतले आणि तात्पुरत्या जागांत राहायला गेली. आमची चाळ त्या यादीत नव्हती. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आपली का नाही घेतली’ म्हणून कुरकुर सुरू केली. नव्या घरात संडास आत असणार, हे कोणीतरी बोलून गेलं होतं.

दिवसा ब्रेकरचा आवाज. तो आम्ही मानला. दिवसा गिरगावात शांतता पसरली तर लोक ‘कोण गेलं?’ म्हणून विचारतात. खरी गंमत रात्रीची. या लाइनवर बोगदे पाडायला १७ टीबीएम आणली होती. टीबीएम म्हणजे तोंडाला फिरतं चक्र लावलेला लांबलचक लोखंडी गांडूळ : पुढून दगड खातो, आतून मागे टाकतो आणि जाता जाता मागे काँक्रीटची कडी बसवत जातो. हा प्राणी झोपत नाही. यंत्रांना आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली होती. कृष्णा, गोदावरी, वैनगंगा, तापी, सूर्या, वैतरणा, तानसा. आमच्या खाली नक्की कोणती नदी आहे यावर चाळीत दोन तट पडले. अण्णांचा कौल तानसाला.

यातून जो घोळ झाला तो फक्त मुंबईच्या चाळीतच होऊ शकतो. कारण आमच्या नळालाही तानसा-वैतरणाचंच पाणी येतं, आणि तेही अवेळीच. पहाटे चारला बायको मला हलवायची, ‘‘अहो उठा, तानसा आली वाटतं.’’ मी झोपेत बादली घेऊन मोरीत. नळ कोरडा. घरघर नळातून नव्हतीच, फरशीखालून होती. उलट ज्या दिवशी घरघर ऐकून ‘खालचीच असेल’ म्हणून झोपून राहिलो, त्या दिवशी पिंप रिकामं राहिलं आणि दिवसभर बिसलेरीने वरण शिजवलं.

आईने मात्र पहिल्याच रात्री निर्णय घेतला. रात्री दोन वाजता मी दचकून उठलो, तर ती जमिनीवर बसून खलबत्त्यातला बत्ता शहाबादी फरशीवर ठोकत होती. ठक. ठक. ठक.

‘‘आई, काय करतेस?’’

‘‘खालच्यांना सांगतेय. रात्रीचं कसलं दळण दळतात हे?’’

आयुष्यात पहिल्यांदाच तिला खालचे शेजारी मिळाले होते. तिने हक्क बजावायला उशीर लावला नाही. मी तिला समजावलं की ते पार खोल आहेत, मध्ये अण्णांचा भरवशाचा बेसाल्ट आहे. ती म्हणाली, ‘‘त्यांचा आवाज मला येतो ना? मग माझा त्यांना जायलाच हवा. दगड काय एकाच बाजूने बोलतो?’’ विज्ञान शाखेत मी दोनदा बसलो होतो, तरी याला मला उत्तर सुचलं नाही. आणि योगायोग असा की थोड्या वेळाने घरघर थांबली. कडी बसवायला यंत्र थांबत असावं. आईने विजयी मुद्रेने बत्ता खलात ठेवला. झालं. त्या दिवसापासून तो रोजचा कार्यक्रम.

कफ परेडला रात्रीच्या आवाजाचं प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने तिकडचं रात्री दहा ते सकाळी सहाचं काम थांबवलं, ते पुढचे कित्येक महिने थांबलेलंच होतं. ही बातमी अण्णांनी मोठ्याने वाचली. ‘‘बघा, याला म्हणतात नागरिक,’’ ते म्हणाले. गिरगावात आवाज झाला की लोक कोर्टात जात नाहीत, गॅलरीत जातात. आईने फक्त विचारलं, ‘‘मग कोर्टाने काय ठोकलं?’’

२०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस महालक्ष्मीला शेवटचं यंत्र दगड फोडून बाहेर आलं. सगळ्या लाइनीवरची मिळून ही बेचाळिसावी वेळ. बोगदे संपले. आम्हाला वाटलं, आता पत्रे जातील. पत्रे म्हणाले, इतक्यात कुठे? रूळ, तारा, सरकते जिने, रंग. गाडी आली तीही टप्प्याटप्प्याने. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी. मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत. तिथे पाहुणा पाच महिने अडकला, आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या दाराखालून एकदाचा कफ परेडला पोचला.

काम आवरताना तो इंजिनीअर पुन्हा भेगा बघायला आला. आता त्याच्या कानाशी दोन पांढरे केस होते. जुने फोटो घेऊन एकेका नंबरची भेग तपासत गेला. चव्वेचाळीसची जागच्या जागी. मुंजीची जागच्या जागी. खिळ्याचीसुद्धा. त्याचा चेहरा खुलत चालला होता. मग तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आला आणि थबकला. फरशीवर बशीएवढा खळगा आणि त्यातून चारी दिशांना फुटलेल्या रेषा.

‘‘ही नवीन आहे,’’ तो म्हणाला. आवाज एकदम पडला. ‘‘जुन्या फोटोत नाही. आजी, ही कशामुळे झाली?’’

मी छताकडे बघितलं. बायको दूध उतू जातंय का बघायला गेली. गॅसवर दूध नव्हतं.

‘‘तुमच्यामुळेच,’’ आई म्हणाली. यात खोटं काय होतं, सांगा.

तो बिचारा गुडघ्यावर बसून बराच वेळ ती भेग बघत राहिला. एवढ्या खोलवरून निघालेला हादरा भिंतीतल्या पन्नास भेगांना न शिवता नेमका एका फरशीच्या मधोमध, बशीच्या आकाराचा, कसा येईल, हे त्याच्या पुस्तकात बहुधा नव्हतं. शेवटी त्याने वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि आईला वाकून नमस्कार करून गेला.

पहिल्या मंगळवारी आईने फर्मान काढलं की सिद्धिविनायकाला जायचं, खालच्यांच्या गाडीने. ही लाइन थेट सिद्धिविनायकाला जाते हे तिला कळलं, तेव्हा तिने भाडेकरूंचे निम्मे गुन्हे माफ केले होते. एक सरकता जिना, दुसरा, तिसरा. ‘‘अजून खाली?’’ ती प्रत्येक जिन्यावर विचारत होती. फलाटावर काचेची भिंत, तिला दारं, आणि गाडी आल्यावर तिची वेगळी दारं. ‘‘दोन-दोन दारं, आणि दोन्ही आपोआप लागतात,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या मोरीच्या एका दाराला बासष्ट सालापासून कडी नाही.’’

दर्शन झालं. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. समोरच्या पाटीवर स्थानकांचे दिवे एकामागून एक लागत होते. मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेट येऊन गेले, ग्रँट रोड गेलं. आईने पिशवीतला प्रसादाचा पुडा मांडीवर ठेवला आणि मला कोपर मारलं.

‘‘आता आपलं घर वर आलं असेल ना?’’

‘‘जवळपास.’’

तिने मान वर केली आणि गाडीच्या छताकडे बघत कान दिला. डब्यातले दोन-तीन जण तिच्याबरोबर वर बघू लागले. घरी बायको होती, आणि त्या वेळेला ती खलबत्त्यात आलं-लसूण कुटते.

‘‘काहीच ऐकू येत नाही रे,’’ आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे इतकी वर्षं यांना कळलंच नाही?’’