खान्देशच्या पोरांना गाव सोडण्यासाठी फेलोशिप आहे, गावात काम करण्यासाठी का नाही?

आर्किटेक्चर नाहीतर प्लॅनिंग शिकून बाहेर पडलेली आपल्याकडची मुलं-मुली दर उन्हाळ्यात मला एकच विचारतात : "मॅडम, जुन्या इमारतींचं काम करायचंय, कुठली फेलोशिप आहे का?" मी त्यांना बेंगळुरू, दिल्ली, मुंबई अशी यादी सांगते. हुशार पोर असेल तर लागतेही. आनंद होतो. पण त्या यादीत धुळं नसतं, जळगाव नसतं, नंदुरबार तर नसतंच. ही गोष्ट मला बरीच वर्षं खुपते आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

संधी मुळीच नाहीत असं नाही. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्सचा अर्बन फेलोज कार्यक्रम चांगला आहे. तिथे प्लॅनर, वकील, समाजशास्त्राची मुलं एकत्र बसून शहर शिकतात. संवर्धनाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस ट्रस्टची मदत मिळते. वारसा जतनाचं काम करणाऱ्या इनटॅक संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत. केंद्राने २०२० मध्ये 'ट्यूलिप' नावाने नागरी संस्थांमध्ये इंटर्नशिप सुरू केली. आपल्या राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ पासून आहे, मध्ये काही काळ थांबली, २०२३ ला पुन्हा सुरू झाली. वय २१ ते २६, जागा ६०, मुदत एक वर्ष. सरकार आतून कसं चालतं हे पाहायला याहून चांगली जागा नाही, आणि मी मुलांना अर्ज भरायला लावतेच. पण ती सगळ्या खात्यांसाठी आहे. गावातल्या जुन्या पेठेचं पुढे काय करायचं, एवढ्याच कामाला वाहिलेली एकही जागा मला आपल्या तीन जिल्ह्यांत दिसत नाही.

गरज मात्र ढीगभर आहे. नीती आयोगाचा शहर नियोजनाच्या मनुष्यबळावरचा अहवाल २०२१ मध्ये आला. देशभरातल्या राज्यांच्या नगररचना खात्यांना मिळून १२ हजारांवर नगर नियोजनकार लागतात, मंजूर पदं ३,९४५, आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी, असं त्यात नोंदवलं आहे. ही सरासरी झाली, त्यात मोठी शहरंही आली. लहान नगरपालिकेत जाऊन बघा. एकाच माणसाकडे दोन गावांचा चार्ज, टेबलावर बांधकाम परवानग्यांचा गठ्ठा, बाहेर बाकावर माणसं बसलेली. त्या माणसाने वाड्यांची यादी कधी करायची? त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

यादी का लागते ते सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात, म्हणजे शहरात कुठे रस्ते, कुठे काय याच्या कायदेशीर नकाशात, काय काय असावं ते दिलं आहे, आणि त्यात ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा व वास्तू जतन करणं स्पष्ट आलं आहे. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलंय. मुंबईने १९९५ मध्ये हेरिटेज नियमावली केली, इमारतींच्या श्रेणी ठरवल्या, त्याच्या आधारावर आज कितीतरी वास्तू उभ्या आहेत. आपल्याकडे आराखडा सुधारायची वेळ येते तेव्हा द्यायला कागदच नसतो. कागद नाही म्हणून रस्तारुंदीची रेषा सरळ जुन्या पेठेतून जाते, आणि आपल्याला कळतं तोवर हरकती-सूचनांची मुदत संपलेली असते.

थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, बळसाण्याची देवळं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर, यांना निदान पुरातत्त्व खात्याचं छत्र आहे. अशा केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. पण पेठेतल्या घरांना, घाटांना, बारवांना, जुन्या जिनिंगच्या शेडना कुणाचंच छत्र नाही. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांपैकी एक तर आपल्या डोळ्यांदेखत गेला.

आणि धुळ्यासारखं गाव तर नियोजनाच्या विद्यार्थ्याला पुस्तकाआधी दाखवावं. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला, कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं, बऱ्हाणपूर वगैरे ठिकाणांहून व्यापारी आणि कारागीर आणून वसवले. आपण रोज 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' म्हणतो ना, त्या सरळ आखलेल्या गल्ल्या हाच त्या गावाचा वारसा आहे. तिथे एखादी इमारत ताजमहाल नाही. पण ओट्यांची रांग, गल्लीची रुंदी, घरांची उंची यांचा मेळ आहे, आणि तो मेळ कुठल्याही सरकारी नोंदीत नाही. एकेक घर पडून तिथे चार मजले पार्किंगसकट उभे राहिले की तो मेळ तुटतो, आणि तुटल्यावर काय होतं हे सिद्ध करायलाही आपल्याकडे नकाशा नसतो.

मागे अमळनेर तालुक्यातल्या एका गावात विद्यार्थ्यांना घेऊन एक वाडा मोजला. मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी, दगडी तळखड्यांवर सागाचे खांब, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भिंत इतकी जाड की तिच्यातच धान्य साठवायचं बळद. अशा घरात एकही खोली काटकोनात नसते, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावे लागतात, नाहीतर घरी येऊन कागदावर मांडलं की भिंती जुळत नाहीत. एक मुलगी बळदाच्या तोंडातून टेप आत सोडत होती. घरच्या आजी ओसरीवरून तिला म्हणाल्या, "कोनी आंडेर शे तू?" (कुणाची मुलगी आहेस तू?) तिने अहिराणीतच आपलं गाव, आजोळ सांगितलं. मग आजी उठल्या, आणि पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती किती बोटं पसरायची, कुठल्या नाल्यावरून आणायची, पन्हाळीजवळ का दाबून बसवायची, सगळं सांगितलं. ती माहिती मला आजवर कुठल्या तांत्रिक अहवालात मिळालेली नाही. ती मिळाली कारण विचारणारी पोर त्यांच्या बोलीतली होती. फेलो स्थानिक का हवा, याचं याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

त्याच वाड्याच्या चौकटीवर, गणेशपट्टीच्या खाली, धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवलेली होती. वाकलेली तुळई एक होती, तीही स्वयंपाकघरावरची. तिला टेकू देऊन ती बदलता आली असती. पण नोटीस अख्ख्या घराला. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचं नाव, वारस सुरत, पुणे, नाशिक असे विखुरलेले, सही कोण करणार? पुढच्या पावसाळ्यानंतर तो वाडा उतरवला. सागाचे खांब लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. मुलांनी काढलेले नकाशे तेवढे राहिले, आणि ते ठेवायलाही गावात अधिकृत जागा नव्हती.

नकाशांच्या बाबतीत अमेरिकेचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९३३ साली तिथे महामंदी होती, आर्किटेक्ट बेकार बसले होते. नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन यांनी प्रस्ताव मांडला की या लोकांना पगार द्या आणि देशातल्या जुन्या इमारती मोजून घ्या. त्यातून 'हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे' उभा राहिला. नुसते राजवाडे-चर्च नाहीत, साधी घरं, कोठारं, पूलसुद्धा मोजले. नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कुणालाही पाहता येतात. पुढे विद्यार्थ्यांचे उन्हाळी गट या कामाला जोडले गेले आणि तिथल्या संवर्धन क्षेत्रातल्या कितीतरी जणांची सुरुवात अशा गटांतून झाली. बेकारी आणि वारसा, दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच योजनेत घेतले. आपल्याकडे दोन्ही प्रश्न आहेतच.

आणि तरुण माणसाला लवकर जबाबदारी दिली तर काय होतं, हे खान्देशाला वेगळं सांगायला नको. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, तेव्हा ते विशीतच होते. सुरुवातीच्या काळातच त्यांना आपल्याकडे पाठवलं, आणि साक्रीकडच्या दातर्तीजवळ पांझरा नदीच्या पाण्यासाठी पाइप सायफनचं, म्हणजे पाणी नळातून पलीकडे नेण्याचं, काम त्यांच्यावर सोपवलं. भर पावसाळ्यात, नदी चढलेली असताना ते काम त्यांनी पुरं केलं. त्याच खोऱ्यात फड पद्धतीने पाणी वाटून घेणारी गावं होती. पुस्तकी शिक्षण आणि गावचं शहाणपण एकाच नदीवर भेटलेलं आहे आपल्याकडे.

मला हवं आहे ते असं. प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच फेलो, नुकतेच पदवीधर झालेले, आर्किटेक्चर, प्लॅनिंग, सिव्हिल, इतिहास कुठल्याही शाखेचे. मुदत दोन वर्षं, कारण पहिलं वर्ष गावाचा विश्वास मिळवण्यातच जातं. बसायची जागा नगरपालिकेत, म्हणजे फाइल कुठे अडते ते त्यांना दिसेल. काम ठरलेलं : जुन्या पेठेची घरं मोजणं, नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकं काढून मालक शोधणं, आणि आराखडा सुधारणेच्या आधी यादी तयार करणं. त्याचबरोबर धोकादायक नोटीस निघण्यापूर्वी त्या घरात जाऊन काय वाचवता येईल ते लेखी देणं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मालक विचारतो, "वाडा जपून आम्ही खायचं काय?" आणि त्याचं बरोबर आहे. मोठ्या शहरात टीडीआर, म्हणजे त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क, विकला जातो, पारोळ्यात, चोपड्यात तो घेणार कोण? तिथे मालकाला स्वस्त दुरुस्तीचा सल्ला, चांगला सुतार आणि घरपट्टीत सवलत हवी. ते करून देणारं माणूस गावात असेल तर वाडा टिकेल, नुसत्या यादीने टिकणार नाही.

मानधन पोटापुरतं तरी हवंच. 'अनुभव मिळतोय ना' म्हणून पोरांना फुकट राबवू नका. शेतकऱ्याच्या घरातून शिकून आलेली मुलगी दोन वर्षं बिनपगारी काम करू शकत नाही, आणि मग हे क्षेत्र फक्त सधन घरांतल्या मुलांचं उरतं.

पैसा कुठून? कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चासाठी, जे विषय आहेत त्यात ऐतिहासिक वास्तूंचं संवर्धन आहे. जळगावला मोठे उद्योग आहेत. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. नकाशे आणि कागद ठेवायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेले १९२६ च्या डिसेंबर अखेरीस, आणि १९२७ मध्ये लोकांनी संस्था उभी करून त्यांचं दप्तर सांभाळलं. दप्तर सांभाळण्याची सवय या मातीला आहे. प्रशिक्षणासाठी जळगावचं बहिणाबाई चौधरी विद्यापीठ पुढे येऊ शकतं.

मी या फेलोशिपचा एक कच्चा आराखडा लिहायला घेतला आहे, तीन जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना आणि विद्यापीठाला द्यायचा आहे. नगरपालिकेत काम केलेल्यांनी कमेंटमध्ये सांगा, फेलोला कुठल्या टेबलाशी जोडला तर त्याचं काम खरंच पुढे सरकेल. आणि शहादा, अमळनेर, पारोळा, चोपडा, साक्री इथे ज्यांच्या घरी जुन्या वाड्याचे बांधकामाचे हिशेब, वाटणीपत्रं, फोटो असतील त्यांनी ते रद्दीत घालू नका. मोबाइलवर का होईना, फोटो काढून ठेवा आणि गावाचं नाव, साल त्यावर लिहा. धाबं उतरवायचं ठरलंच असेल तर उतरवण्याच्या आधी कळवा. मी विद्यार्थी घेऊन येते, आम्हाला मोजायला दोन दिवस द्या.