तोंड एकच

परवा एका जुन्या मित्राने जेवता जेवता ठोकून दिलं, ‘साउथसाइड जॉनी म्हणजे गरिबांचा ब्रूस स्प्रिंगस्टीन.’ दोघेही अमेरिकन रॉक गायक, ब्रूस जगप्रसिद्ध, जॉनी तितका नाही. मिथुनला एकेकाळी गरिबांचा अमिताभ म्हणायचे, त्या चालीवर. मी तिथल्या तिथे काही बोललो नाही, कारण पानात वहिनींचं गरम थालीपीठ होतं आणि वादापायी ते गार करण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही. पण तीन दिवस ते वाक्य डोक्यात ठणकतंय. म्हणून ही पोस्ट, जॉनीच्या एका अल्बमबद्दल. लांब आहे, आधीच सांगतो.

अल्बमचं नाव ‘हार्ट्स ऑफ स्टोन’. कलाकार साउथसाइड जॉनी अँड द अ‍ॅस्बरी ज्यूक्स. साल १९७८. एकूण गाणी नऊ. माझ्याकडे तो आला कॅसेटच्या रूपात. मामा मर्चंट नेव्हीत होता, बोट न्यूअर्कला लागली असताना त्याने घेतली. त्याला हवा होता स्प्रिंगस्टीन. दुकानदाराने ‘हा त्याच्या दोस्ताचा आहे, हा ऐक’ असं सांगून हातात हे दिलं. मामाला ते फारसं रुचलं नाही, म्हणून माझ्याकडे आलं. म्हणजे या अल्बमशी माझी ओळखच मुळी ‘दुसऱ्याच्या ऐवजी मिळालेली वस्तू’ अशी झाली. जगातही त्याची ओळख थोडीफार अशीच आहे, हे मला फार नंतर कळलं.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अ‍ॅस्बरी पार्क नावाचं गाव आहे. एकेकाळी सुट्टीत लोक झुंडीने यायचे. समुद्राकाठचा लाकडी बोर्डवॉक, पाळणे, हॉटेलं. १९७० च्या जुलैत तिथे दंगली झाल्या आणि आधीच उतरणीला लागलेलं गाव पार बसलं. त्याला खेटून ओशन ग्रोव्ह, मेथडिस्ट ख्रिश्चनांनी वसवलेली सोवळी वस्ती. जॉन लायन तिथे वाढला. शिकागोच्या साउथ साइडच्या ब्लूजचं याला इतकं वेड, की मित्रांनी त्याला साउथसाइड जॉनी केलं. उत्तम माउथ ऑर्गन वाजवतो. बँडच्या नावातलं ‘ज्यूक’ही लिटल वॉल्टरच्या माउथ ऑर्गनच्या एका गाजलेल्या तुकड्यावरून आलेलं. याचा जोडीदार स्टीव्हन व्हॅन झँड, तेव्हाचा मायामी स्टीव्ह. टीव्ही मालिका पाहणाऱ्यांना तो ‘द सोप्रानोज’मधला सिल्व्हियो म्हणून माहीत असेल. डोक्याला फडकं बांधून गिटार वाजवणारा तोच. या दोघांनी मिळून स्टोन पोनी नावाच्या बारमध्ये एक बँड उभा केला आणि त्यात गिटारांच्या जोडीला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनची आख्खी फळी आणून बसवली.

इथे थोडं थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं या फळीबद्दलच आहे.

इंग्रजीत या सगळ्या वाद्यांना मिळून ‘हॉर्न्स’ म्हणतात. आपल्याकडे हॉर्न म्हटलं की ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ आठवतं, तेव्हा आपण ब्रास म्हणू. (सॅक्सोफोन पितळेचा असूनही शास्त्राने तो लाकडी वाद्यांच्या घरातला मानतात. पण लग्नाच्या बँडमध्ये हे शास्त्र कोणी विचारत नाही, इथेही विचारू नये.) रॉकमध्ये ब्रास वापरण्याचे साधारण दोन रस्ते. एक म्हणजे ‘शिकागो’ किंवा ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’सारखे बँड, जिथे ब्रासवाले जॅझमधून आलेले, लांबलचक अवघड तुकडे वाजवणारे, थोडेसे ‘पाहा आम्हाला काय काय येतं’ छाप. दुसरा रस्ता अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा. तिथल्या स्टॅक्स स्टुडिओत वेन जॅक्सनचा ट्रम्पेट आणि अँड्र्यू लव्हचा टेनर सॅक्स. कागदावर लिहून काही नाही. गायकाला जे हवंय ते तो तोंडाने गाऊन दाखवणार, ते तसंच्या तसं फुंकायचं. तिथला गायक ओटिस रेडिंग असंच करायचा. त्यामुळे ते तुकडे छोटे, बोलल्यासारखे, श्वास संपायच्या आत संपणारे. कीर्तनात बुवांनी एक ओळ टाकावी आणि मागच्या टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसं काहीसं. सजावट नव्हे, उत्तर.

मायामी स्टीव्ह हा या दुसऱ्या रस्त्याचा माणूस. १९७५ मध्ये स्प्रिंगस्टीन ‘बॉर्न टू रन’ करत होता, तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. ‘टेन्थ अ‍ॅव्हेन्यू फ्रीझ-आउट’साठी न्यूयॉर्कचे नामांकित ब्रासवाले बोलावलेले. रँडी आणि मायकेल ब्रेकर हे भाऊ, डेव्हिड सॅनबॉर्न, असे एकेक दिग्गज. लिहून आणलेलं काही केल्या जमेना. स्टीव्ह नुसता पाहुणा म्हणून तिथे पडला होता. ‘भिकार वाटतंय,’ म्हणाला. ‘मग तूच कर,’ असं ऐकल्यावर सरळ आत गेला आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा तुकडा तोंडाने गाऊन दिला. तो तुकडा आज गाण्याची ओळख आहे. पुढे तो स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्येच गेला, पण ज्यूक्ससाठी गाणी लिहिणं, निर्मिती करणं आणि ब्रास बसवणं त्याने सोडलं नाही. १९७६ चा पहिला अल्बम, १९७७ चा दुसरा, आणि मग हा तिसरा.

पहिल्या दोन अल्बममध्ये जुन्या लोकांना वाकून नमस्कार आहे. रॉनी स्पेक्टर, ली डॉर्सी, कोस्टर्स, ड्रिफ्टर्स यांना पाहुणे म्हणून बोलावलंय, जुनी गाणी नव्याने गायली आहेत. छान आहेत, पण बारमधली धमाल रात्र आहे ती. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मध्ये पाहुणे नाहीत, उसनी जुनी गाणी नाहीत. नऊपैकी सहा स्टीव्हची, दोन स्प्रिंगस्टीनची आणि ‘ट्रॅप्ड अगेन’ हे स्टीव्ह, स्प्रिंगस्टीन आणि जॉनी या तिघांनी मिळून लिहिलेलं. ड्रम्सवर ई स्ट्रीट बँडचा मॅक्स वाइनबर्ग. आणि सगळा अल्बम एकाच मूडचा आहे. बाई गेलीय, चूक आपलीच होती, घरी जायचा रस्ता हाच असला तरी दुसरा एखादा असायला हवा होता, या मूडचा. तिशीला टेकलेल्या माणसांनी केलाय हे ऐकताना जाणवतं. पार्टी संपल्यानंतर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवतात, त्या वेळचं संगीत.

आता ब्रास ऐका. ‘आय प्लेड द फूल’ घ्या. शब्द म्हणतात मी मूर्ख ठरलो. चाल इतकी हसरी की पाय हलायला लागतात. ब्रास मात्र त्या चालीच्या बाजूला नाही आणि शब्दांच्याही नाही. जॉनी एक ओळ टाकतो आणि मागून तो तुकडा येतो, ‘हो रे बाबा, माहीत आहे आम्हाला’ म्हटल्यासारखा. थट्टा आणि सांत्वन एकाच फुंकेत. ‘ट्रॅप्ड अगेन’मध्ये उलटं. तिथे ब्रास भिंतीसारखा अंगावर येतो, गाणारा सुटायला बघतो आणि प्रत्येक वेळी ती भिंत पुन्हा समोर. शीर्षकगीतात जॉनी हळू सुरुवात करतो. त्याचा आवाज मोठा नाही, पल्ला तर नाहीच, वरच्या जागी जाताना तो फाटतो. ते फाटणंच मला प्रिय आहे. आणि जिथे तो फाटतो तिथे ब्रास त्याला खालून हात देतो.

आमच्या डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगीत तळमजल्यावर लग्नाच्या बँडमधले एक ट्रम्पेटवाले राहायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. वैशाख-ज्येष्ठात घरी सापडायचे नाहीत, पावसाळ्यात दिवसभर ओट्यावर. एका दुपारी मी ही कॅसेट जरा मोठ्यानेच लावली होती. मास्तर वर आले. मला वाटलं, आता आवाज कमी करायला सांगणार. ते दाराशी उभे राहून पूर्ण गाणं ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ‘किती जण आहेत रे? काही असोत. तोंड एकच आहे.’ मी विचारलं म्हणजे काय. म्हणाले, ‘सुरात सगळेच वाजवतात. श्वास एकदम सोडणं अवघड. हे सोडतायत.’

या अल्बमवर मी नंतर बरंच काही वाचलं, इतकं नेमकं कुठेच सापडलं नाही.

त्या फळीत ट्रॉम्बोनवर रिची ‘ला बाम्बा’ रोझेनबर्ग, बॅरिटोन सॅक्सवर एडी मॅनियन, ट्रम्पेटवर रिक गाझ्डा अशी मंडळी. यांची नावं कोणी घेत नाही, आवाज मात्र पुष्कळांनी ऐकलेत. रोझेनबर्ग पुढे कॉनन ओब्रायनच्या रात्रीच्या कार्यक्रमात वाइनबर्गच्याच बँडमध्ये वर्षानुवर्षं दिसला, मॅनियन स्प्रिंगस्टीनच्या २०१२ च्या दौऱ्यात. आपल्याकडेही हेच. चिक चॉकलेटसारखा गोव्याचा ट्रम्पेटवाला सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजला आणि ती गाणी आख्ख्या देशाने गुणगुणली. त्याचं नाव सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? मागच्या रांगेतल्यांचं नशीब सगळीकडे सारखंच.

तर मग हा अल्बम मागे का पडला? माझ्या मते तीन कारणं, आणि पहिलं सगळ्यात मोठं.

स्प्रिंगस्टीन. ‘बॉर्न टू रन’नंतर मॅनेजरशी झालेल्या कोर्टकज्ज्यात त्याचं रेकॉर्डिंग अडकलं. १९७७ मध्ये तडजोड झाल्यावर त्याने गाण्यांचा पाऊस पाडला, पण १९७८ च्या ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’वर फक्त दहा ठेवली, सगळी कोरडी, करकरीत. उरलेली वाटून टाकली. ‘बिकॉज द नाइट’ पॅटी स्मिथकडे गेलं आणि गाजलं. ‘फायर’ रॉबर्ट गॉर्डनकडे गेलं, मग पॉइंटर सिस्टर्सकडे, आणि प्रचंड गाजलं. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘टॉक टू मी’ जॉनीला मिळाली. पॅटी स्मिथने घेतलं की तिने ते ‘आपलंसं केलं’. जॉनीने घेतलं की ते ‘ब्रूसचं उरलंसुरलं’. का? तर दोघं एका गावचे, एका बारमधले, स्टीव्ह दोघांचा दोस्त. शेजारी राहण्याची शिक्षा. स्प्रिंगस्टीनने स्वतः गायलेलं ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ १९९८ च्या ‘ट्रॅक्स’ संचात आलं आणि ‘टॉक टू मी’ २०१० मध्ये ‘द प्रॉमिस’वर. दोन्ही लावून बघा. मी ब्रूसचा भक्त आहे, माझ्या घरात त्याची पस्तीस तास पुरतील एवढी रेकॉर्डिंग्ज आहेत, तरी लिहून देतो: या दोन्ही गाण्यांचा मालक जॉनी आहे. ब्रूसच्या आवाजात ती गाणी चांगली लिहिलेली वाटतात, जॉनीच्या आवाजात घडलेली.

दुसरं कारण म्हणजे काळ. १९७८ ला एकीकडे डिस्को, दुसरीकडे पंक. दहा वर्षांपूर्वीच्या मेम्फिसची भाषा बोलणारे हे लोक कुणालाच नवे वाटले नाहीत. आणि तिसरं, ‘बार बँड’ हा शिक्का. कौतुक म्हणून मारतात, पण त्याचा अर्थ ‘बिअर असेल तर बरे वाटतात’ एवढाच होतो. मला या शब्दाचा खरोखर राग आहे. मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा बिअर काय, आमच्याकडे फ्रिजसुद्धा नव्हता.

अल्बम खपला नाही. एपिक कंपनीने बँडला सोडलं. पुढचा अल्बम १९७९ मध्ये मर्क्युरीकडे, मसल शोल्सला, बॅरी बेकेटच्या हाताखाली झाला. नावाजलेली जागा, नावाजलेला माणूस, पण स्टीव्ह नव्हता आणि ते कळतं. ब्रास आहे, वाजतोय, पण उत्तर देत नाही. १९८७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने मागच्या वीस वर्षांतल्या सर्वोत्तम शंभर अल्बमच्या यादीत ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ घातला. त्यानेही फार फरक पडला नाही. स्टीव्ह आणि जॉनी पुन्हा एकत्र आले ते १९९१ च्या ‘बेटर डेज’साठी. तोही चांगला आहे. पण चांगला आणि हा यात अंतर आहे.

दोष नाहीतच असं नाही. ‘नेक्स्ट टू यू’ मला आजही भरीचं वाटतं. ध्वनीमुद्रणात बेस जरा कोंडलेला आहे, आणि माझ्या कॅसेटमुळे तसं वाटत असेल म्हणून मी पुढे सीडीही ऐकली, तिथेही तेच. शेवटचं ‘लाइट डोन्ट शाइन’ इतकं संथ आणि विझलेलं आहे की काही लोक तिथे कंटाळतात. मला वाटतं आठ गाण्यांच्या घुसमटीनंतर तसंच काहीतरी हवं होतं. आवाज चढवून संपवणं सोपं असतं.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी पहिल्या गाण्यापासून, ‘गॉट टु बी अ बेटर वे होम’पासून सुरुवात करा. शफलवर टाकू नका. एका वाहत्या गोष्टीचे तुकडे आहेत. अगदीच घाई असेल तर ‘टॉक टू मी’. तेवढ्या एका गाण्यात समजेल की पुढे जायचं की नाही.

मास्तरांना मी नंतर त्याची कॉपी करून दिली होती, टीडीकेच्या एका रिकाम्या कॅसेटवर. त्यांना ‘टॉक टू मी’मधला ब्रासचा तुकडा आवडला होता, ओट्यावर बसून तो बसवत होते. पुढच्या लग्नसराईत टिळक नगरच्या एका वरातीत मी त्यांच्या बँडमागून चालत होतो. दोन गाण्यांच्या मधे, घोडा वळवायला वेळ लागत होता तेवढ्यात, मास्तरांनी मान हलवली आणि चौघांनी मिळून तो तुकडा वाजवला. दोनदा. एकदम सोडला श्वास. वरातीतल्या कोणाला काही कळलं नाही, नवरदेवाचे मित्र त्यावरही तसेच नाचले. मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि मग ‘मेरे यार की शादी है’ सुरू झालं.