इगतपुरीहून फोन येतो तेव्हा

ऑगस्ट 2025 मध्ये सीबीआयने इगतपुरीत, भाड्याने घेतलेल्या रिसॉर्टमध्ये चाललेलं एक बोगस कॉल सेंटर पकडलं. ॲमेझॉन सपोर्टमधून बोलतोय असं सांगून तिथली पोरं अमेरिका-कॅनडातल्या लोकांना गंडवत होती. आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर बातमी पडली आणि निम्म्यांनी हसरे चेहरे टाकले. "पोरांना काम तरी मिळालं," एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, "गोऱ्यांनी दीडशे वर्षं लुटलं, आता वसुली." अमेरिकेने नाशिकला नेमकं कधी लुटलं, ते काही त्याने सांगितलं नाही.

मी ओहायोत राहतो, म्हणजे त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या शेजारच्या आजींनाही असाच एक फोन आला होता. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय." मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायला लावलं. तिथे लाल खुणांची रांग. ती धडधाकट विंडोजमध्येही असतेच, पण आजींना कोण सांगणार? पुढे एक लांबलचक नंबर वाचून दाखवला, "हा फक्त तुमच्या मशीनचा, जुळवून बघा." जुळला. जुळणारच, कारण तो सगळ्या विंडोजमध्ये एकच असतो. मग एनीडेस्क, म्हणजे आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप, टाकायला लावलं, मग गिफ्ट कार्ड आणायला दुकानात पाठवलं. कॅशियर पोरीने हटकलं म्हणून वाचल्या. नंतर मला म्हणाल्या, "बोलणं अगदी तुझ्यासारखं होतं रे." त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र लागलं.

इकडे असं बोलणारी, खरोखर सपोर्टचं काम करणारी आपली कितीतरी मुलं आहेत. नाव सांगायच्या आत लोक त्यांचा फोन आपटतात. वसुलीचा हिशोब मांडताना हेही धरा.

त्याच ग्रुपवर काही दिवसांनी गंगापूर रोडच्या एका मित्राच्या वडिलांची गोष्ट आली. "वीजबिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार," असा मेसेज, खाली नंबर, आणि फोन केल्यावर तेच स्क्रीन दाखवायचं ॲप. या वेळी कुणी हसलं नाही. पण युक्ती तीच ना? घाबरवायचं, घाई करायची, फोन ठेवू द्यायचा नाही, घरात कुणाला सांगू द्यायचं नाही. मग कुठे शिकले हे हात?

ओळखायला फार अक्कल लागत नाही. तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय हे सांगायला कुठलीही कंपनी आपणहून फोन करत नाही. असा फोन आला की खोटा, पुढे पारख करत बसू नका, ठेवून द्या. स्क्रीनवर भोंगा वाजवत नंबर झळकला तर त्यावर फोन लावायचा नाही, ब्राउझर बंद करायचा. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रॅम बंद करायची विंडोजची खिडकी) मारायचा.

ते स्क्रीन दाखवायचं ॲप टाकून बसला असाल तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्डही दुसऱ्याच मशीनवरून बदला. आणि भारतात असाल तर 1930, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. या बाबतीत नाशिककर माझ्यापेक्षा सुखी आहेत. इथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवता येते, पण ते एकेकाचं प्रकरण सोडवत बसत नाहीत. 1930 वर वेळेत कळवलं तर पैसे वाटेतच गोठवता येतात. म्हणून वडिलांचा फसल्याचा फोन आला की आधी तो नंबर लावा. "बाबा, तुम्ही एवढे शिकलेले आणि..." हे नंतरही बोलू नका, कारण ते ऐकावं लागेल या धास्तीनेच ती माणसं दोन दिवस गप्प बसतात आणि तोवर पैसे गेलेले असतात.